तळाची मूठ

आमच्या गावात पोहता येणं आणि पोहणारा म्हणवून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. हातपाय मारून पाण्यावर राहता आलं की पोहता आलं. पण विहिरीच्या तळाला जाऊन मूठभर गाळ वर आणल्याशिवाय तुम्हाला कुणी पोहणारा म्हणत नसे. बुडी मारून आलेल्यानं मूठ घट्ट मिटून काठावर चढायचं, आणि तिथं हजर असलेल्या वडीलधाऱ्या माणसानं ती उघडायची. आतला गाळ काठाच्या दगडाला फासायचा आणि जमलेल्यांना गूळ-शेंगदाणे वाटायचे. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या लहानशा गावात ती मूठ बहुतेक वेळा माझे वडील उघडायचे. त्यांना आम्ही आबा म्हणतो.

आबा शेती करायचे, पण शेतीमुळे त्यांना फारसं कुणी ओळखत नव्हतं. कुणाची कळशी विहिरीत पडली, बादलीचा दोर तुटला, पंपाचा फूटव्हॉल्व्ह गाळात रुतला, की आबांना बोलावणं यायचं. सदरा काढून ठेवायचा, नाक चिमटीत धरायचं आणि पाय जुळवून सरळ खाली जायचं. वर आले की एका हातात बादली असायची आणि दुसऱ्या मुठीत गाळ. बादली आणलीत ना, मग गाळ कशाला, असं मी एकदा विचारलं होतं.

"बादली कपारमाबी अटकेल ऱ्हास," ते म्हणाले. "गारा मात्र बूडनाच ऱ्हास."

बादली कपारीतही अडकलेली असू शकते, चिखल मात्र तळाचाच असतो. आबांच्या लेखी पुरावा म्हणजे हा. या उद्योगात त्यांचा डावा कान गेला. त्याचं त्यांना काही वाटलं नाही, कारण आईची बोलणी त्याच बाजूनं यायची, असं ते सांगत.

मला त्यांनीच पोहायला शिकवलं. मी दहा वर्षांची असेन. अमळनेरच्या तेलाच्या गिरणीतला पंधरा किलोचा रिकामा डबा त्यांनी आणला, झाकणाला डाग देऊन तो हवाबंद करून घेतला, सुती दोरानं माझ्या पाठीवर बांधला आणि मला विहिरीत ढकललं. आई वरून ओरडत होती, "पोरगी शे ती!" आबांनी शांतपणे विचारलं, "पानीले काय माहीत?"

आठ दिवसांत डबा सुटला. मग चैत्रात, पाणी तीन परसांवर आलं असताना, माझ्या मुठीचा दिवस ठरला. एक परस म्हणजे ताठ उभा राहिलेला माणूस, असा आमचा हिशेब. मुलगी बुडी मारणार म्हणून निम्मी गल्ली जमली होती. मी नाक धरलं आणि गेले. पहिला परस छान हिरवा होता. दुसऱ्या परसाला कान ठणकायला लागले आणि उगवतीच्या अंगाला एक कपार हाताला लागली. तिच्याखाली नुसता काळोख होता. मी त्या कपारीला धरून लोंबकळत राहिले. खाली जाववेना, वर जायची लाज वाटत होती. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी छाती फुटायला आली तेव्हा मी कपारीतली माती खरवडली, मूठ मिटली आणि पाय मारत वर आले.

आबांनी मूठ उघडली. क्षणभर पाहिलं. मग ती माती दगडाला फासून एवढ्या मोठ्यानं ओरडले की मारुतीच्या पारावर ऐकू गेलं असेल, "मनी पोरनी बूड गाठं रे!" अख्ख्या गल्लीनं गूळ खाल्ला. मला तो गिळता गिळेना. रडू येतंय ते दमल्यामुळे, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

उद्या जाऊन खरा तळ आणू, असं मी त्या रात्री ठरवलं. मग परवा. मग परीक्षा झाल्यावर. मुली मोठ्या झाल्या की विहिरीवर पोहायला जात नाहीत, हे मला कुणी सांगितलं नाही, तरी एका उन्हाळ्यात मी जायची थांबले. पुढे अमळनेरचं कॉलेज, धुळ्यात बी.एड., देवपूरच्या एका शाळेत भूगोलाची नोकरी, लग्न, पांझरा नदीच्या अलीकडे घर. गावात घरोघरी बोअर झाले तशी विहीर आटली. आधी तिच्यात कचरा पडला, मग कुणीतरी तिच्यावर सिमेंटचा स्लॅब टाकला. आता तिथं ट्रॅक्टर उभा असतो. गावी गेले की माझे पाय तिकडे वळतात आणि मी त्या ट्रॅक्टरकडे उगाच रागानं पाहते. ज्या तळाला मी कधी गेलेच नाही, त्याची मला इतकी ओढ का लागावी, हे मला अजून सांगता येत नाही. पण ओढ होती, आणि वय वाढलं तशी ती वाढत गेली.

आबांची ओढ वेगळी होती. गावच्या मंडळींबरोबर बसनं ते एकदा द्वारकेला गेले होते. दर्शन झाल्यावर सगळे समुद्रावर गेले, तर आबा गुडघाभर पाण्यात जाऊन जे उभे राहिले ते निघेनातच. परत आल्यावर देवाबद्दल ते काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "येनाबी बूड व्हईच ना!" यालाही तळ असेलच ना! मी भूगोलाची बाई आहे हे माहीत असूनही ज्यांनी मला कधी भूगोलातलं काही विचारलं नव्हतं, ते तेव्हापासून समुद्राविषयी विचारू लागले. तळाशी गाळ असतो की रेती? उजेड पोचतो का? मी पुस्तकातलं सांगायची. अठ्ठावीस वर्षं मी प्रवाळ बेटांचे तीन प्रकार फळ्यावर रंगीत खडूनं काढत आले आहे. प्रवाळ मात्र कधी पाहिलं नव्हतं. विद्यार्थ्यांना ते कळत नाही. आबांना बहुतेक कळायचं, कारण माझं उत्तर संपलं की ते नुसतं "हं" म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वी आम्हा नवरा-बायकोला एलटीसीवर अंदमानला जायचं जमलं. दिवाळीत गावी गेले तेव्हा आबांना सांगितलं. काचबिंदूनं तोवर त्यांची नजर जवळजवळ गेली होती. ओसरीवर खाटेवर बसून असायचे, माणूस पावलांवरून ओळखायचे. मी उजव्या कानाशी जाऊन सांगितलं की तिथं पाठीवर हवेचं नळकांडं बांधून समुद्राच्या तळाशी नेतात.

"पाठवर डबा बांधतस?" त्यांनी विचारलं.

"हा आबा. हवाना डबा."

"डबा बांधीसन तर कोनीबी तरंगस!"

"हाऊ डबा बुडाडस, आबा. तरंगाडत नही."

ते खूप वेळ हसले. मग किती खोल ते विचारलं. सात परस, मी म्हणाले. ते हसायचे थांबले. सात परस पाणी त्यांनीही पाहिलं नव्हतं. जरा वेळानं माझा हात चाचपून धरत ते म्हणाले, "मनासाठे मूठ लई येजो."

येताना मूठ घेऊन ये. त्यांनी आयुष्यात माझ्याकडे दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी हो म्हणाले. धुळ्याला आल्यावर औषधाच्या गोळ्यांची एक रिकामी डबी धुऊन, वाळवून मी बॅगेत टाकली. या खेपेला खरा तळ आणायचा होता. चाळीस वर्षांपूर्वीचं एक खोटं त्यानं पुसलं जाईल, असं मला मनापासून वाटत होतं.

तिथं गेल्यावर डबी बॅगेतच राहिली. ज्या बेटांच्या भोवती आम्हाला नेणार होते तो सगळा पट्टा संरक्षित होता. आम्हाला शिकवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची, उन्हानं रापलेली, हिंदी बोलणारी. तिनं बोटीवर सगळं नीट समजावलं. कशाला हात लावायचा नाही, कशावर उभं राहायचं नाही, काही उचलायचं नाही. शंख नाही, मेलेलं प्रवाळ नाही, वाळूही नाही. प्रत्येक जण मूठभर न्यायला लागला तर इथं राहील काय, असं तिनं विचारलं. मी पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी मान डोलावली. सहलीत झाडांची पानं तोडू नका म्हणून मी स्वतः पोरांच्या मागे ओरडत फिरते. आबांना समजावून सांगू, असं मी ठरवलं आणि मनातून मूठ काढून टाकली. खरंच काढून टाकली होती. नवरा बोटीच्या कडेला लिंबू हुंगत बसला होता. "सांभाळून," एवढं म्हणण्यापुरतं त्यानं लिंबू नाकापासून दूर केलं.

ते नळकांडं पाठीवर चढवलं तेव्हा खांद्यांना तो तेलाचा डबा आठवला. मुलगी म्हणाली, सगळ्यात मोठा नियम एकच, श्वास कधीही रोखायचा नाही. मी पाण्यात शिरले आणि पहिल्याप्रथम श्वासच रोखला. विहिरीत शिकलेल्या माणसाला पाण्याखाली श्वास घेणं हा अपराध वाटतो. तिनं दोनदा मला वर आणलं, तोंडासमोर हात हलवत 'घ्या, सोडा, घ्या, सोडा' अशी खूण केली. ज्यांना पोहता येत नाही ती माणसं माझ्या आधी खाली गेली. तिसऱ्या खेपेला मी आबांची लाज राखली. कान ठणकले तेव्हा तिनं नाक चिमटीत धरून फुंकायला शिकवलं. तेवढं मला येत होतं.

आणि मग मला दिसलं. फळ्यावर मी जे तीन रंगांत काढत आले होते ते जांभळं, पिवळं, तपकिरी, हिरवट, आणि जागोजागी पांढरं पडलेलंही होतं. पाणी तापलं की प्रवाळ असं पांढरं पडतं, हेही मी शिकवते. ते शिकवताना माझा आवाज कधी कापला नव्हता. एक भला मोठा शिंपला निळे ओठ उघडून बसला होता. आमची सावली पडताच त्यानं ते हळूच मिटले. हलणाऱ्या बोटांसारख्या फुलोऱ्यातून नारिंगी पट्ट्यांचा एक वीतभरसुद्धा नसलेला मासा बाहेर आला आणि आम्हाला हुसकावून लावायला माझ्या डोळ्यांवरच्या काचेवर धावून आला. मला त्याचं फार कौतुक वाटलं. वाळूवर एक जाडजूड, सुरकुतलेली समुद्रकाकडी पडली होती, थेट बियाण्याला ठेवलेल्या गिलक्यासारखी. आणि सगळीकडे एक आवाज होता, कुरुम कुरुम, गोठ्यात बैल कडबा खातात तसा. पोपटमासे प्रवाळ कुरतडत होते. त्यांच्या पोटातून प्रवाळाचा भुगा बाहेर पडतो आणि तळाशी वाळू होऊन बसतो. बोटीवर मुलीनं हे सांगितलं तेव्हा सगळे हसले होते. खाली मात्र मी एका माशाच्या शेपटीमागून पांढरा धूर सांडताना पाहिला आणि हसू आलं नाही. समुद्राचा तळ कसा असतो, या आबांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या डोळ्यांसमोर तयार होत होतं.

आबा इथं असायला हवे होते. हे मला इतकं जोरात वाटलं की काचेच्या आत डोळे भरले. बाहेर पाणी, आत पाणी, आणि पुसायची सोय नाही. ज्या माणसानं उभं आयुष्य काळोखात चाचपडत बादल्या शोधल्या त्याला एकदा हा उजेड दिसायला हवा होता. त्याऐवजी तो मला दिसत होता, जी कपारीच्या खाली कधी गेलीच नाही.

त्या मुलीनं मनगटावरचं यंत्र मला दाखवलं. बारा मीटर. सात परस. तिथं प्रवाळ नव्हतं, नुसती पांढरी वाळू पसरली होती. तिनं मला अलगद गुडघ्यांवर टेकवलं. मी तळाला होते. आणि माझा उजवा हात पुढं गेला, बोटं वाळूत रुतली आणि मूठ मिटली.

मी ते ठरवलं नव्हतं, एवढंच सांगू शकते. तळ लागला की मूठ भरायची, हे माझ्या हाताला माझ्याआधी माहीत होतं. मूठ छातीशी घेऊन मी वर पाहिलं, वर काठावर आबा वाट पाहत असल्यासारखं. तेवढ्यात तिनं माझं मनगट धरलं. ओढलं नाही, झटकलं नाही. नुसतं धरलं आणि काचेतून माझ्याकडे पाहत राहिली. मी मान हलवून नको म्हणाले. बावन्न वर्षांची बाई, समुद्राच्या तळाशी, मुठीसाठी हट्ट करत होती. तिनं दुसऱ्या हातानं आपली मूठ मिटून दाखवली आणि हळूहळू उघडली. मग माझ्या मुठीत काहीतरी हललं.

मी बोटं उघडली. वाळू खाली पडायची घाई करत नव्हती, धुरासारखी रेंगाळत उतरत होती. तळहातावर नखाएवढा एक शंख उरला. त्याला पाय फुटले, तो माझ्या हातावरची रेषा ओलांडून करंगळीपर्यंत आला आणि वाळूत उतरून निघून गेला. मी त्याच्याकडे बघत राहिले. मग आम्ही वर आलो.

बोटीवर चढण्याआधी तिनं माझी नखंसुद्धा पाण्यात खळबळून घ्यायला लावली. मी आबांविषयी, मुठीविषयी माझ्या मोडक्या हिंदीत सांगायला लागले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, आप तो टीचर हैं ना?" अठ्ठावीस वर्षांत मला कुणी असं उभं केलं नव्हतं.

धुळ्याला आल्यावर मी एक गोष्ट केली. आमच्या देवपूरच्या गल्लीत एका घराचं बांधकाम चाललं होतं. त्या रेतीच्या ढिगातली मूठभर रेती घेऊन मी त्या धुतलेल्या डबीत भरली. आबांना दिसत नव्हतं. नदीची रेती काय, समुद्राची काय. वय झालेल्या माणसाला आनंद मिळाला तर बिघडलं कुठं, असं मी स्वतःला अमळनेर येईपर्यंत समजावत होते. एसटीत मांडीवर पर्स होती आणि पर्समध्ये डबी. गाडी खड्ड्यात आदळली की रेती आत खुळखुळायची.

ओसरीत शिरले तशी खाटेवरून हाक आली. "उनी का वं माय?"

मी जवळ बसले. आबांनी हात पुढे केला. कशी आहेस, प्रवास कसा झाला, जावई कसे आहेत, काही नाही. "मूठ दखाड," ते म्हणाले. त्यांचा पालथा केलेला तळवा हवेत वाट पाहत होता. चाळीस वर्षांपूर्वी काठावर तो असाच पुढे आला होता. मी पर्सची चेन उघडली. डबीला बोटं लागली. आणि त्या गुळाचा घास माझ्या घशात पुन्हा येऊन बसला.

मी पर्स बंद केली, रिकामी मूठ मिटली आणि त्यांच्या हाताखाली धरली. त्यांनी एकेक बोट उघडलं. तळवा चाचपला.

"रिकामी शे, आबा," मी म्हणाले. "बूड गाठं व्हतं. मूठबी भरी व्हती. तठेच सोडनी पडनी."

का सोडावी लागली ते सांगितलं. शंखाला पाय फुटले तेही सांगितलं. मग माझ्यानं राहवेना. "आनि आबा, आपली इहीरनी ती मूठ..."

"कपारनी व्हती," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ओसरीत आलेल्या कोंबडीला त्यांनी हुश करून हाकललं.

"बूडना गारा कायाशार ऱ्हास," ते अगदी सहज म्हणाले. "तुना मुठमा पिवयी माटी व्हती."

काळा गाळ आणि पिवळी माती. मूठ उघडल्याबरोबर त्यांना कळलं होतं. मग सगळ्या गावापुढं ओरडलात का, गूळ वाटलात कशाचा, असं मी विचारलं. माझा आवाज चढला होता. चाळीस वर्षं मी एकटीच जे ओझं वाहत होते त्यात त्यांचा वाटा होता, याचा मला चक्क राग आला होता.

"माटी कोनले पाह्यजे व्हती?" आबा म्हणाले. "तू खाले कितला येळ व्हती! मी काठवर हुभा व्हतू. सदरा काढी टाका व्हता. उडी मारस तेवढामा तुनं डोकं दिसनं. तू वर उनी. गूय तेनाच वाटा."

मी वर आले, त्याचा गूळ. मला त्या दिवसाची प्रत्येक गोष्ट आठवत होती, पण त्यांच्या अंगात सदरा नव्हता हे कधी आठवलंच नव्हतं.

मी रडत होते. त्यांनी रडू दिलं. माझा हात त्यांच्या हातात होता. थोड्या वेळानं म्हणाले, आता सांग. पहिल्यापासून सांग. मग मी सांगायला बसले. नळकांडं, श्वास, कान. निळ्या ओठांचा शिंपला. माझ्यावर धावून आलेला तो मासा, त्याला ते हसले. कडबा खाल्ल्याचा आवाज. वाळू कशी होते ते ऐकून त्यांनी मला तीनदा विचारलं, खरं का? मी म्हणाले, खरं, आबा, डोळ्यांनी पाहिलं. खाली उजेड पोचतो का, हे त्यांनी पुन्हा विचारलं. पोचतो, सात परसांवरही पोचतो, मी म्हणाले, आणि या खेपेला त्यांनी नुसतं "हं" म्हटलं नाही. मिटल्या डोळ्यांनी त्यांनी मान वर केली, खाली बसून वर पाहावं तशी. तळाची पांढरी वाळू आली, मूठ भरली, मूठ सोडली. मग माझं सांगणं संपलं आणि मी थांबले.

ते थांबले नव्हते. माझं मनगट त्यांनी अजून घट्ट धरलेलं होतं.

"मंग वर उनी ना?" त्यांनी विचारलं.

"उनू, आबा," मी म्हणाले. "वर उनू."

मग त्यांनी माझा हात सोडला.